जुन्या सागवानाचं टेबल: करवत आणि पात्यांच्या निवडीच्या नोंदी

३० नोव्हेंबर २०२४

आजोबांच्या घराची माडी उतरवली तेव्हाच्या सागवानी तुळया पडवीत ताडपत्रीखाली पडून आहेत. पाच बाय चार इंची, सातेक फूट लांब. नागपूरच्या टालावर ज्याला सीपी टीक म्हणतात ते चंद्रपूरकडचं लाकूड. या हिवाळ्यात त्यांचं लिहायचं टेबल करायचं, पाच फूट बाय अडीच फूट. सोबत १९ मिमी प्लायची दोन पुस्तकांची कपाटं.

कापांची यादी केली. तुळया उभ्या चिरून फळ्या काढणं आणि त्या फळ्यांच्या कडा सरळ करणं, हे सर्वांत मोठं काम. मग पाय आणि पट्ट्या आडव्या कापणं. मग आठ बाय चारचे प्लाय. पायांजवळच्या कमानदार कोपऱ्यांचे वळणाचे काप किरकोळ आहेत. घरात हातकरवत, रंधा, पटाश्या, गुण्या आणि ड्रिल आहे. विजेवर चालणारी करवत नाही, ती घ्यायची आहे. जागा म्हणजे गाडी बाहेर काढल्यावर रिकामी होणारं दहा बाय बाराचं पार्किंग.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटची दाखवू?" मला तो प्रश्न सर्वांत शेवटी ठेवायचा आहे. लाकडाला मोटर शिवत नाही, पात्याचे दात शिवतात. म्हणून आधी कापांची यादी, मग पाती, आणि मग ती पाती सरळ आणि सुरक्षित फिरवणारी मशीन.

३ डिसेंबर

ओळखीच्या मिस्त्रीकाकांना विचारलं. त्यांचा सल्ला एका वाक्याचा होता. "भाऊ, मार्बल कटर घ्या, त्यालेच लाकडाचं पातं लावा, सगळं काम होते." त्यांच्या बाजूनं पाहिलं तर म्हणणं समजतं. सर्क्युलर सॉच्या, म्हणजे गोल पात्याच्या हातातल्या करवतीच्या, जवळपास निम्म्या किमतीत कटर मिळतो, वजनाला हलका, पिशवीत मावतो, सकाळी टाइल कापतो आणि दुपारी प्लाय. फर्निचरच्या कित्येक साइटवर आज तोच चालतो.

तरीही घेणार नाही, आणि कारणं नीट लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न मला पुन्हा कुणीतरी विचारणारच आहे.

कटर बनलाय दगडासाठी. दगडावरची डायमंड चकती घासते, चावत नाही. तिला दातच नसतात. लाकडाच्या पात्याला दात असतात आणि ते लाकडात अडकू शकतात. अडकले की मशीन उलटी हाताकडे उसळते. सर्क्युलर सॉला खालच्या बाजूला स्प्रिंगवर मिटणारं गार्ड असतं. काप संपला, मशीन उचलली की ते आपोआप पात्यावर येतं. कटरला ते नाही. वरचं अर्धं झाकण तेवढं असतं, आणि साइटवर बऱ्याचदा तेही काढून ठेवलेलं दिसतं. शिवाय बऱ्याच कटरना चालू स्थितीत अडकवून ठेवायचं बटण असतं. हातातून सुटला तर तो फिरतच राहतो.

आता वेग. कटरचं पातं ११० मिमी व्यासाचं आणि फेऱ्या मिनिटाला १३,००० च्या घरात. परीघ गुणिले फेऱ्या केलं तर दाताचं टोक सेकंदाला ७५ मीटरनं धावतं, म्हणजे ताशी २७० किलोमीटर. १८४ मिमी पात्याची, ५,५०० फेऱ्यांची सर्क्युलर सॉ घेतली तर हाच आकडा सेकंदाला ५३ मीटर येतो. पातं लहान, पण दात जास्त वेगानं धावतोय आणि त्याच्यापुढे हात उघडा आहे. एवढं करून कापाची खोली जेमतेम सव्वा इंच.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे कटर उलटा करून प्लायच्या फळीखाली बसवायचा आणि त्याला टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर येणारी करवत, म्हणायचं. पात्यामागे काप उघडा ठेवणारी सुरी नाही, वर झाकण नाही, बंद करायचं बटण फळीखाली. हे पाहिलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. ग्राइंडरला लाकडाचं दाताचं पातं लावणं तर याहूनही वाईट. ज्या माणसाची रोजीरोटी हातांवर आहे त्यानं ते हात दोन-तीन हजार वाचवण्यासाठी पणाला लावू नयेत. काकांनाही हेच सांगितलं. ते ऐकून घेतात, हसतात, आणि पुढच्या कामावर कटरच नेतात.

७ डिसेंबर

टेबल सॉ की हातातली सर्क्युलर सॉ?

अचूकपणा म्हणाल तर टेबल सॉच. फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची पट्टी, एकदा मापावर बसवली की एका मापाच्या वीस पट्ट्या एकसारख्या निघतात. पात्यामागे सुरी असते, ती चिरलेला काप उघडा ठेवते, म्हणून लाकूड मिटून पात्याला चिमटत नाही आणि झटका बसत नाही. सुरी नसलेलं टेबल कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलंय.

पण आठ फुटी प्लाय टेबल सॉवर ढकलायचा तर पात्याच्या अलीकडे आठ आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. माझ्याकडे लांबीच बारा फूट. वर प्लायच्या एका शीटचं वजन तीस किलोच्या पुढे. एकट्यानं ते टेबलावर सरळ ढकलत नेणं म्हणजे कसरत. छोट्या जागेत मोठं लाकूड मशीनकडे न्यायचं नाही, मशीन लाकडाकडे न्यायची. त्यामुळे सर्क्युलर सॉ. मायटर सॉ आडव्या कापांना सुंदर आहे, पण माझ्या यादीत आडवे काप इतके थोडे आहेत की ते गुण्या धरून होतील.

रुळावर चालणारी ट्रॅक सॉ पाहून आलो. मशीन देखणी आहे, काप आरशासारखा येतो. किंमत मात्र माझ्या सगळ्या सामानाच्या बेरजेहून जास्त. तिच्यातलं खरं सामर्थ्य रुळात आहे, आणि रूळ घरी करता येतो.

८ डिसेंबर

सर्क्युलर सॉ घेतली. १,४०० वॅट, ५,५०० फेऱ्या, १८४ मिमी पातं. काटकोनात खोली ६० मिमीच्या थोडी वर. दुकानातच दोन गोष्टी तपासल्या. तळपट्टीची कड आणि पातं समांतर आहेत का, हे पुढून आणि मागून मोजून पाहिलं. आणि खोलीचा व कोनाचा खटका आवळल्यावर तळपट्टी हलते का, हे दाबून पाहिलं. तळपट्टी पातळ पत्र्याची असेल आणि डुलत असेल तर जास्त वॅटचा काही उपयोग नाही.

विजेचं गणितही करून ठेवतो. १,४०० भागिले २३० म्हणजे सहा अँपिअरच्या किंचित वर, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ही मशीन लावू नये. गिझरसाठी असतो तो १६ अँपिअरचा पॉइंट वापरायचा, आणि वायर वाढवायची तर २.५ चौरस मिमीची. बारीक वायरीवर लांबून चालवलं की व्होल्टेज पडतं, मोटर तापते, आणि दोष मात्र पात्याच्या माथी येतो.

घरचा रूळ असा केला. ६ मिमी प्लायची फूटभर रुंद, आठ फूट लांब पट्टी घेतली. तिच्यावर एका बाजूला ॲल्युमिनियमचा सरळ सेक्शन स्क्रूनं बसवला. मग त्या सेक्शनला मशीन टेकवून प्लायची मोकळी कड एकदा कापून टाकली. आता पट्टीची कड म्हणजेच पात्याची रेघ. आखणीवर पट्टी ठेवायची, क्लॅम्प लावायचे, कापायचं. मोजणी-वजाबाकी नाही.

१४ डिसेंबर

आज पाती. जास्त बारकाईनं लिहावं असं हेच प्रकरण आहे.

मशीनसोबत आलेलं पातं ४० दातांचं, सर्वसाधारण कामाचं. त्याशिवाय २४ दातांचं आणि ६० दातांचं घेतलं. तिन्ही कार्बाइड टिकल्यांची, म्हणजे दाताच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कडक तुकडा जोडलेली. साध्या पोलादी पात्याचे दात तिकोनी कानशीनं घरी लावता यायचे, पण सागावर ती धार टिकत नाही. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच बारीक अंश, आणि ती पोलाद झिजवते. टंगस्टन कार्बाइड तिला बरीच दाद देत नाही.

दात कमी की जास्त? दुकानदाराचं उत्तर, "जास्त दात, जास्त सफाई." आडव्या कापाला आणि प्लायला ते खरं आहे. उभ्या चिरकामाला नाही, आणि का नाही ते हिशेबानं दिसतं. मशीन ५,५०० फेऱ्या करते. २४ दातांचं पातं मिनिटाला १,३२,००० वेळा लाकडाला भिडतं. मी मिनिटाला तीन मीटर या गतीनं मशीन पुढे नेली तर प्रत्येक दाताच्या वाट्याला साधारण ०.०२३ मिमीची कापणी येते. त्याच गतीला ६० दातांच्या पात्यावर ती ०.००९ मिमीवर येते. एवढ्या बारीक कापणीत दात कापत नाही, घासतो. घासलं की उष्णता, सागातलं तेल तापून पात्यावर राळ बसते, कड काळी पडते, पातं तापून लाटा मारायला लागतं.

दुसरं कारण दातांमधल्या खोबणीचं. रेषेच्या दिशेनं चिरताना लांब, तंतुमय भुसा निघतो आणि दात लाकडाबाहेर येईपर्यंत त्याला खोबणीतच मावावं लागतं. २४ दातांच्या पात्यावर दोन दातांमध्ये २४ मिमीचं अंतर पडतं, ६० च्या पात्यावर साडेनऊ. खोबण भरली की भुसा काप अडवतो.

दातांचा आकारही कामागणिक वेगळा. चिरायच्या पात्याचा दात माथ्यावर सपाट, पटाशीसारखा, तंतू खालून उचलून काढणारा, आणि पुढे बराच झुकलेला. आडव्या कापात तंतू मुळात तोडावे लागतात. तिथे दात आळीपाळीनं डावी-उजवीकडे तिरके घासलेले असतात, म्हणजे कापाच्या दोन्ही कडा आधी सुरीनं रेघ मारल्यासारख्या तुटतात आणि मग मधलं निघतं. सनमायका चिकटवलेल्या बोर्डाला तिसरा प्रकार लागतो. त्यात एक दात कोपरे छाटलेला आणि पुढचा सपाट असतो, मायक्याच्या कपच्या त्यानं कमी उडतात. माझ्या कपाटांना मायका लावायचा नाही, म्हणून ते पातं घेतलं नाही.

पातळ पातं घ्यायचं ठरवलं. जाड पातं ३ मिमीच्या वर खातं, म्हणजे सुताराच्या भाषेत सूतभर. पातळ पातं अडीच मिमीच्या आत. १,४०० वॅटच्या मशीनवर हा फरक हाताला कळतो, कारण भुशात घालवायचं लाकूड कमी. दोन हजार वॅटच्या, एका जागी बसवलेल्या टेबल सॉसाठी निवड केली असती तर जाड पातंच घेतलं असतं. ते थरथरत नाही.

घेताना पात्यावर छापलेलं वाचलं. कमाल फेऱ्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हव्यात, आणि मधल्या भोकाचं माप मशीनच्या दांड्याशी जुळायला हवं. रिंग लावून जुळवता येतं, पण ती रिंग पात्यासोबत आलेली, घट्ट बसणारी हवी. पुठ्ठा किंवा टेप गुंडाळून बसवलेलं पातं मी चालवणार नाही.

२१ डिसेंबर

तुळया घरी चिरायच्या नाहीत हे पक्कं केलं. चार इंच म्हणजे १०० मिमी, माझ्या मशीनची कापाची खोली साठच्या थोडी वर. दोन्ही बाजूंनी कापून मध्ये भेटवता येतं, पण सात फूट लांबीत दोन काप बरोबर भेटणं आणि एवढ्या खोल कापात पातं न चिमटणं, दोन्ही कठीण. हे काम आरा मशीनचं.

आधी खिळे. जुन्या तुळईत खिळा नसेल असं धरूनच चालायचं नाही. डोळ्यांनी, मग चुंबक फिरवून, मग भिंतीतली वायर शोधायचं यंत्र लावून एकेक शोधला. माथा तुटलेले, लाकडात बुडालेले खिळे भोवती पटाशीनं उकरून पकडीनं ओढले. निळसर-काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे किंवा होतं, हा चांगला इशारा.

आरा मशीनवाल्या दादांनी आधीच बजावलं होतं, "खिळा लागला तर पट्टा तुमच्या हिशेबात." योग्यच आहे. पट्टा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी, एका खिळ्यात तिचे ओळीनं दात जातात. पण तिच्यासारखं चिरकाम दुसरं नाही. ती जेमतेम दोन मिमी खाते आणि खोलीची फिकीर नाही. एका तुळईतून ३० मिमीच्या तीन फळ्या आल्या, वरचा काळवंडलेला भाग तेवढा गेला. आतून लाकूड सोनेरी निघालं, तासाभरात गडद होऊ लागलं. वास अजून ताजा आहे. इतक्या वर्षांनी!

फळ्या पार्किंगमध्ये रचल्या, दोन थरांच्या मध्ये एका जाडीच्या पट्ट्या, वर वजन. जुनं लाकूड सुकलेलं असलं तरी चिरल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि फळी थोडी वळते. तिला वळू द्यायचं, मग सरळ करायचं.

५ जानेवारी २०२५

कडा सरळ करायला घेतल्या. २४ दातांचं पातं, घरचा रूळ. पात्याची खोली फळीच्या खाली एका दाताएवढीच ठेवली. खोली जास्त ठेवली तर काप खरखरीत येतो आणि झटका बसलाच तर उघडं पातं जास्त.

एक फळी चिरताना मागून मिटू लागली. आवाज जड झाला तसा खटका सोडला, पातं थांबू दिलं, कापात लाकडी पाचर घातली आणि पुढे गेलो. हातातल्या बऱ्याच मशीनना मागची सुरी नसते, तिथे पाचर हीच सुरी. पातं फिरत असताना मशीन मागे ओढायची नाही.

२४ दातांचा काप दिसायला खडबडीत, पण सरळ. रंध्याच्या दोन हातांत कड डिंक लावण्याजोगी झाली. नुसत्या कुतूहलानं एका तुकड्यावर ६० दातांचं पातं उभं चालवलं. फूटभरातच जळका वास आणि तपकिरी पट्टा. हिशेब खरा ठरला.

मास्कबद्दल: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. सागाची धूळ तर काहींच्या त्वचेला आणि श्वासालाही त्रास देते. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ लावतो. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. सैल बाह्या नाहीत आणि हातमोजेही नाहीत, फिरत्या पात्यात मोजा सापडला तर हात घेऊन जातो.

११ जानेवारी

प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय. त्याचा फिनॉलिक डिंक कडक असतो आणि धार खातो, त्यामुळे ६० दातांचं पातं फक्त प्लायसाठी राखलं.

जमिनीवर थर्माकोलच्या जाड शीट अंथरल्या, वर प्लाय आडवा, पात्याची खोली थर्माकोलमध्ये थोडी उतरेल एवढी. शीटला सगळीकडून आधार, काप संपताना कुठलाच तुकडा लोंबकळत नाही. एकट्या माणसाला याहून चांगली पद्धत नाही.

सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवायची. टेबल सॉवर नेमकं उलट, चांगली बाजू वर. घरच्या रुळाचा इथे आणखी एक फायदा होतो: त्याची कड कापाला चिकटून वरचा पापुद्रा दाबून धरते.

उरलेल्या तुकड्यावर तिन्ही पाती शेजारी-शेजारी चालवून पाहिली. २४ नं वरचा पापुद्रा फाडला. ४० ठीक. कागद कापायच्या कटरच्या धारदार पात्यानं आधी रेघ कोरून घेतली तर ४० आणि ६० मध्ये फरक शोधावा लागतो. म्हणून कुणाला दोनच पाती परवडत असतील तर मी २४ आणि ४० सांगेन. वाचलेले पैसे क्लॅम्पमध्ये घालावेत.

१८ जानेवारी

चार पायांचे आठ आडवे काप हातकरवतीनं केले. पाय ७० मिमी जाड, मशीन एका दमात पोचत नाही, आणि गुण्यानं चारही बाजूंना रेघ मारून हातानं कापलं तर सांधा जास्त नेमका बसतो. प्रत्येक कामाला वीज लावायलाच हवी असं नाही.

कमानदार कोपऱ्यांसाठी भावाची जिगसॉ आणली. स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीच्या आल्बर्ट काउफमान यांनी १९४० च्या दशकात शिलाई मशीनमध्ये सुईऐवजी पातं लावून हिची सुरुवात केली, हे कळल्यापासून मला ती वेगळीच आवडते. वळणाला तिच्याइतकी सोपी मशीन नाही. सरळ कापाला मात्र ती घेऊ नये. पातं एका टोकाला धरलेलं, जाड लाकडात खालचं टोक भरकटतं आणि वरून रेघ बरोबर दिसूनही खालची कड तिरकी येते. २५ मिमीच्या फळीवर बारीक दातांचं पातं लावलं, पुढे-मागे झुलण्याचा खटका शून्यावर, गती मंद. आखणीबाहेर अर्धा सूत सोडून कापलं आणि बाकी कानस, पॉलिश पेपर.

२ फेब्रुवारी

टेबलाचा वरचा भाग जोडून झाला. सात फळ्या, शेवटी दोन्ही टोकं ४० दातांच्या पात्यानं एकत्र कापली. कापाच्या बाहेरच्या टोकाला तंतू फाटू नयेत म्हणून एक टाकाऊ पट्टी क्लॅम्प करून ठेवली होती. आडव्या कापावर सागाच्या वार्षिक कड्या साफ दिसतात, पॉलिश पेपरही लागला नाही.

मशीनचा प्लग काढून पातं उतरवलं आणि तिन्ही पाती पाहिली. २४ आणि ४० वर राळेचा तपकिरी थर. पातं बोथट झालं म्हणून टाकायच्या आधी ते धुवावं. भांडी घासायच्या द्रव साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास, मग जुन्या टूथब्रशनं दातामागची राळ काढली, लगेच पुसून तेलाचा हात फिरवला. कडक क्षारांचे क्लीनर वापरत नाही, टिकल्यांच्या जोडाला ते चांगले नाहीत. धुतल्यावर २४ चं पातं पुन्हा नव्यासारखं चालतंय. ४० च्या कडा भिंगातून गोल झालेल्या दिसतात.

कार्बाइडला कानस लागत नाही, डायमंडच्या चाकावरच धार होते. धारवाल्याला दोन गोष्टी सांगून पातं दिलं: दातांचा तिरका कोन आहे तसाच ठेवा, आणि एखादी टिकली निघालेली किंवा तडकलेली दिसली तर धार न करता परत द्या, मी नवं घेईन. पुढच्या आठवड्यात मिळेल. तोपर्यंत कपाटांच्या मागच्या ६ मिमी प्लायचं काम ६० वर होईल. मिस्त्रीकाका टेबल बघायला येणार आहेत, त्यांच्यासाठी दुकानातून सर्क्युलर सॉची किंमत लिहून आणली आहे.